हाडांना काम दे, बयो

भालकीच्या शिबिरात टाच मशीनवर ठेवून तुझ्या हातात जो कागद दिला, त्यावरचा लाल आकडा बघून तू हबकलीस, हे फोनवर तुझ्या आवाजातच कळलं मला. पण मला काळजी लागली ती तू पुढे जे सांगितलंस त्याची. "अक्का, आता मी जड काहीच उचलत नाही. पाणी सून भरते, गिरणीतून पीठ नातू आणतो, मी बाजेवर बसून निवडण-टिपण तेवढं करते." बयो, डॉक्टरांनी दिलेली गोळी घे, दूध घे, पण उचलणं सोडू नको. ठिसूळ हाडांच्या भीतीने बसून राहिलीस, तर ती हाडं सावरायची राहतील आणि आणखी खचतील. आज तुझ्याशी बोलायचं आहे ते एवढंच, पण नीट बोलायचं आहे.

आधी त्या कागदाचं. टाचेवरची तपासणी ध्वनिलहरींची असते. तिच्यावरून फार तर अंदाज येतो, निदान होत नाही. खरी तपासणी डेक्साची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या खास एक्स-रेची, खुब्याची आणि कंबरेच्या मणक्यांची. कलबुर्गी, सोलापूर, हैदराबाद अशा शहरात ती होते. पडून राहायचं, दुखत नाही, काही मिनिटांत संपते. तिच्यात आकडा उणे अडीच किंवा त्याच्याही खाली गेला तर हाडं ठिसूळ झाली म्हणतात. उणे एक आणि उणे अडीच यांच्या मधे असेल तर विरळ व्हायला लागलीत. एकदा करून घे, म्हणजे अंदाजावर घाबरणं थांबेल. पण तो आकडा फक्त हाडाची घनता सांगतो. तुझ्या मांडीत उठून उभं राहण्याची ताकद किती आहे, पाय घसरला तर तू स्वतःला सावरशील की नाही, हे त्यात नसतं. आणि म्हातारपणी खुब्याची जी हाडं मोडतात, त्यातली शंभरात पंच्याण्णवहून जास्त पडल्यामुळे मोडतात.

हाड म्हणजे शहाबादी फरशी नव्हे, की एकदा बसवली आणि झालं. ते जिवंत असतं. रोज थोडं खरवडलं जातं, रोज थोडं नवं भरलं जातं. किती भरायचं हे बऱ्याच अंशी त्याच्यावर पडणाऱ्या ताणावर ठरतं, आणि सगळ्यात मोठा ताण देतात ते आपले स्नायू. मांडीचा स्नायू जोर लावतो तेव्हा ज्या हाडाला तो चिकटलेला असतो ते हाड डोळ्याला दिसणार नाही इतकं वाकतं. हाडाच्या आत रुजून बसलेल्या पेशींना ते वाकणं जाणवतं, आणि इथे भर घाला असा निरोप त्या देतात. निरोपच गेला नाही तर खरवडणं चालू राहतं आणि भरणं मागे पडतं. बर्लिनच्या यूलियस वोल्फ या डॉक्टरांनी १८९२ साली लिहून ठेवलं की हाड आपल्यावरच्या भाराप्रमाणे आपली घडण बदलतं. नंतर अमेरिकेच्या हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी हा हिशेब हाड कसं ठेवतं ते उलगडून दाखवलं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. माणूस तोच, जेवण तेच, फरक फक्त कामाचा. उलट, अंतराळात गेलेल्यांच्या शरीरावर भारच नसतो, तेव्हा धडधाकट तरुण माणसाच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. आपल्या म्हाताऱ्या माणसांना आपण बाजेवर बसवतो तेव्हा हेच घडतं, फक्त हळूहळू, म्हणून दिसत नाही.

आणखी एक ऐक. एका पायावर उभी राहिलीस तर खुब्याच्या सांध्यावर तुझ्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. तेवढं वजन तुझं नाही, पण तोल धरायला कुल्ल्याचे स्नायू जोरात खेचत असतात. म्हणजे हाडाला भार मिळतो तो स्नायूमुळे. स्नायू वाळला की हाडाचा खुराक गेला, आणि पडताना सावरणारा हातही गेला.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातला स्नायू तीन ते आठ टक्के कमी होत जातो, साठीनंतर हा वेग वाढतो. बाईच्या बाबतीत पाळी गेल्यावर पाच-सात वर्षांत हाडांतला वीस टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो. दोन्ही उतरणी एकाच वेळी लागतात. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे सून येते, घर भरतं आणि सगळे म्हणतात, "आई, तुम्ही बसा आता." किती प्रेमाने म्हणतात. आयुष्यभर राबलेल्या बाईला बसायला मिळणं हा मान आहे, हे मलाही कळतं. म्हणून तर मला हे बोलायला जड जातं. पण मान जपायचा असेल तर सुनेला सांग, स्वयंपाकातलं वरकाम तू कर, पाण्याची कळशी मी आणते.

जातं, मुसळ, आडाचं पाणी शेंदणं, हे परत आणावं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या बायकांच्या दंडात ताकद होती, पण त्या कष्टात त्यांची निवड नव्हती आणि ताटात पोटभर नव्हतं. आजही आळंद, चिंचोळीकडे तुरीच्या रानात दिवसभर वाकणाऱ्या बाईचे कष्ट कमी नाहीत. तरी तिची हाडं पुष्कळदा पन्नाशीतच खचलेली असतात. नुसते कष्ट पुरत नाहीत. त्यांच्यामागे जेवण लागतं, विसावा लागतो आणि शरीरातली स्त्री-संप्रेरकं वेळेआधी जाऊन चालत नाही.

त्यावरून एक गोष्ट मनातून जात नाही, ती सांगतेच. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात २०१५ साली उघड झालं की तांड्यांवरच्या लंबाणी आणि दलित बायकांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्या गेल्या. कुणाला पांढरं जातं म्हणून, कुणाला पोटात दुखतं म्हणून, कॅन्सर होईल अशी भीती घालून. कितीतरी बायका पस्तिशीच्या आतल्या. चौकशा झाल्या, २०१७ साली बायका कलबुर्गीत रस्त्यावर येऊन न्याय मागत होत्या. पलीकडे बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायका, त्यातल्या १३ हजारांहून जास्त पिशवी काढलेल्या. पैसा गेला, कर्ज झालं, हे सगळे बोलतात. हाडांचं कुणी बोलत नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील तर त्या बाईची पाळी एका दिवसात कायमची गेली. जे पन्नाशीला व्हायचं ते तिशीत सुरू झालं. अंडाशय ठेवली असली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. अशा बाईचं वय कागदावर चाळीस असतं, हाडं मात्र त्याच्या पुढे गेलेली असतात. तुझ्या शेजारी, तुझ्या बचत गटात अशी कुणी असणारच. तिला विचार, ऑपरेशनच्या कागदावर काय काय काढलं म्हणून लिहिलंय. अंडाशय काढली असतील तर तिने पन्नाशीची वाट बघायची नाही. आजच बायकांच्या डॉक्टरला दाखवायचं आणि हाडांचं विचारायचं. डॉक्टर न विचारता सांगतीलच असं नाही, आपण विचारायचं.

आता तुझी ताकद किती आहे ते घरीच बघ. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घे. हात छातीवर आडवे ठेव आणि पाच वेळा पूर्ण उठून बस. नातवाला मोबाइलवर वेळ लावायला सांग. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झालीय असं धरतात, आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली हाच आकडा ठरवलाय. हाताच्या मुठीची ताकद दवाखान्यात यंत्रावर मोजतात. बाईची १८ किलोच्या खाली आणि पुरुषाची २८ किलोच्या खाली गेली तर लक्ष द्यायला हवं. घरात यंत्र नसलं तरी ओली चादर पिळताना, डब्याचं घट्ट झाकण उघडताना तुला कळतंच की.

मग करायचं काय? तू म्हणशील, मी रोज सकाळी चालते. चाल, सोडू नको. काळजाला, साखरेला, मनाला ते चांगलं आहे. पण नुसत्या सपाट चालण्याने हाडं फारशी भरत नाहीत, कारण शरीराला त्या भाराची सवय झालेली असते. हाडाला नेहमीपेक्षा जास्त काहीतरी हवं असतं, थोडा वेळ, पण जोराचं. तेव्हा एक दिवसाआड हे कर. खुर्चीवरून उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. ते सोपं वाटायला लागलं की हातात दोन किलोची पिशवी धरून, मग पाच किलोची. पायरीवर एक पाय ठेवून वर चढायचं, उतरायचं, मग दुसरा पाय. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीला तळवे टेकून अंग पुढे न्यायचं आणि ढकलून मागे यायचं. आणि कळशी. आधी रिकामी, मग पाव, मग अर्धी. उचलताना पाठीचं धनुष्य करायचं नाही. गुडघे आणि खुबे मोडून खाली जायचं, कळशी अंगाशी घ्यायची आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. शेवटच्या दोन-तीन वेळा दमछाक वाटली पाहिजे, दुखता मात्र कामा नये. सगळ्यात महत्त्वाचं, वजन हळूहळू वाढवत न्यायचं. वर्षभर तेच दोन किलो धरून बसलीस तर हाडाला नवा निरोप जात नाही.

वय झालं असं म्हणू नको. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. ज्यांनी पूर्ण केलं त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! हाडांचं म्हणशील तर ऑस्ट्रेलियात साठी-पासष्टीच्या, हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायकांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्के वाढली. ज्यांनी घरी हलका व्यायाम केला त्यांची टक्काभराहून जास्त घटली. तीन टक्के म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण ज्या वयात दरवर्षी उणे व्हायचं त्या वयात अधिक होणं, हे मला मोठं वाटतं. तरी एक स्पष्ट सांगते. डेक्सात हाडं खरंच ठिसूळ निघाली तर औषध घ्यावंच लागतं, व्यायाम औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. आणि एवढी जड वजनं त्यांनी शिकवणाऱ्यासमोर उचलली होती, हेही विसरू नको.

हे सुरू करण्याआधी एक बघ. तुझी उंची पूर्वीपेक्षा चार सेंटिमीटरने कमी झालीय का? पाठीला पोक येतंय का? कधी वाकताना किंवा घागर उचलताना पाठीत कळ येऊन आठवडेच्या आठवडे गेली नाही, असं झालंय का? आपल्याकडे त्याला चमक भरली म्हणतात, तेल लावून चोळतात, कुणाकडून तरी पाठ मोडून घेतात. ती कळ पुष्कळदा मणका दबल्याची असते. तसं असेल तर आधी एक्स-रे, मग व्यायाम, आणि तो डॉक्टरांना विचारून. मणका दबलेल्या बाईने पायाचे अंगठे धरायला वाकू नये, वजन घेऊन कंबर पिळू नये. योगाच्या वर्गात सगळे वाकतात म्हणून तिनेही वाकावं असं नाही.

आता ताट. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच मुलखातल्या बायका सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यातलं उरलेलं पातळ वरण भातावर ओतून घेतात. स्नायू प्रथिनांचा बनतो. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझं वजन पंचावन्न किलो धरलं तर साधारण पंचावन्न ते पासष्ट ग्रॅम. दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी, त्यातून वीसेक ग्रॅम. दोन वेळा घट्ट वरण, तेरा. पेलाभर दूध आणि वाटीभर दही, दहा-अकरा. मूठभर शेंगदाणे, सात. तरी थोडं कमी पडतं. अंडं खात असशील तर दोन अंड्यांत ते भरून निघतं, नसशील तर मटकी-हरभऱ्याची उसळ वाढव. सगळं रात्रीच्या जेवणात ढकलू नको. सकाळी चहा-बटरवर भागवतेस ना, तिथेच पहिला बदल कर. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिनं वाढवावीत.

कॅल्शियम पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम लागतं. आपली भाकर पोटाला आधार आहे, पण शंभर ग्रॅम ज्वारीत ते तीसच्याही आत असतं. नाचणीत साडेतीनशेच्या पुढे. म्हैसूरकडची माणसं रोज तिचे मुद्दे खातात, आपण आठवड्यातून दोनदा तिची भाकर किंवा आंबील करायला काय हरकत आहे? तीळ आपण येळवशीला आणि संक्रांतीला तेवढे आठवतो. ते बारा महिने चटणीत घाल. शेवग्याचा पाला परसात फुकट वाळून जातो, तो भाजीत, धपाट्यात जाऊ दे.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, असं डॉक्टर काही आठवड्यांसाठी लिहून देतात. आपल्या बायका ती चिठ्ठी जपून ठेवतात आणि वर्षानुवर्षं घेतात. तसं करू नको, रक्त तपासून, सांगतील तितकेच दिवस. आणि गुडघेदुखीवर बिननावाच्या पुड्या, गोळ्या कुणी दिल्या, लगेच आराम पडला, तर सावध हो. त्यात स्टिरॉइड असू शकतं. महिनोन्‌महिने पोटात गेलं तर ते हाडही खातं आणि स्नायूही. पण आधीपासून घेत असशील तर एकदम बंदही करू नको, त्यानेही धोका होतो. गोळी घेऊन डॉक्टरांकडे जा.

तुझ्या मालकांनाही हे सगळं लागू आहे. पन्नाशीनंतर जगभरात पाचातल्या एका पुरुषाचं हाड असंच ठिसूळपणाने मोडतं. तंबाखू आणि दारू दोन्ही हाडांच्या वाईटावर असतात, हे माझं नाव सांगून त्यांना सांग.

आणि तुझ्या आत्याबाई. त्यांच्यासाठी न्हाणीतली ती गुळगुळीत झालेली फरशी टाकून खरबरीत घाल, नाहीतर निदान रबराची चटई टाक. भिंतीला पकडायला दांडी बसव, रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा राहू दे. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. त्यांनाही खुर्चीवरून उठायला लाव, सुरुवातीला हात धरून.

तरी त्या पडल्या, खुब्यात दुखतंय, पाय टेकवत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर चोळायचं नाही, पट्टा बांधणाऱ्याकडे न्यायचं नाही. सरळ बिदरच्या ब्रिम्स किंवा कलबुर्गीच्या जिम्स या सरकारी दवाखान्यात, नाहीतर जवळ जिथे हाडांचे डॉक्टर असतील तिथे. ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालेलं चांगलं. "एवढ्या वयात कशाला कापाकापी, पडून राहू द्या" असं सांगणारे पाहुणे दवाखान्याच्या दारातच भेटतील. त्यांचं ऐकायचं नाही. धडधाकट म्हाताऱ्या माणसालासुद्धा दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांचा जवळपास किलोभर स्नायू जातो. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात जातं, आणि त्यात पडून राहिल्याने होणारा न्यूमोनिया आणि जखमा यांचा मोठा हात असतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणतील, यांना उभं करा. तेव्हा त्या रडतील, तुम्हालाही धीर होणार नाही. तरी तू एका बाजूने, सुनेने दुसऱ्या बाजूने धरायचं, पुढे वॉकर ठेवायचा, आणि त्यांना उभं करायचं.